मुलुखात कुणी मरत नाही

१२ जानेवारी, रविवार

ही वही शिल्पाने आणून दिली. म्हणाली, "अहो, माझ्या पाठीमागं उभं राहून पुटपुटू नका. काय ते यात लिहा आणि मला पोळ्या करू द्या." घ्या! इकडं नवऱ्याचं जग बुडून राहिलंय आणि बायकोला पोळ्या सुचतात.

तर वरदची बदली झाली. गोंदियाला. बढतीवर बदली, म्हणून पठ्ठ्याने पेढे आणले होते. मी हातात घेतलेला पेढा तसाच बशीत ठेवला, तो मनस्विनीने खाल्ला. दातांची डॉक्टर आहे, पण गोड सोडत नाही.

म्हणजे 'मुलूख' खेळायला आता दोघंच उरले, मनस्विनी आणि वैजनाथ. मी सूत्रधार, मला मोजता येत नाही. दोन माणसांत कसला मुलूख आणि कसलं काय.

शिल्पा ही वही चोरून वाचणार, हे मला पक्कं माहीत आहे. सतरा वर्षांत तिने हा खेळ एकदाही समजून घेतला नाही, म्हणून तिच्यासाठी लिहून ठेवतो. बाई, टेबलाभोवती बसायचं. प्रत्येकाचं एक पात्र असतं. समोर काय दिसतंय ते मी सांगतो. किल्ला, आटलेली नदी, वाट अडवणारे लुटारू. आपलं पात्र काय करतं ते खेळणारे सांगतात. जमेल का नाही अशी शंका आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. मोठा आकडा आला तर जमलं, बारका आला तर फजिती. पट नाही, सोंगट्या नाहीत, कुणी जिंकत नाही. गोष्ट पुढं जात राहते, एवढंच. कळलं? नसेलच कळलं.

हा खेळ मी आणि अनयने होस्टेलवर रचला. अनय आता हैदराबादला असतो. जो येत नाही त्याचं पात्र धर्माबादला मिरच्या विकायला गेलं असं धरायचं, हा आमचा पहिल्यापासूनचा नियम. अनयचा दगडोबा आठ वर्षं तिथं मिरच्या विकून राहिला. विशाखाची देवी तिचं लग्न झाल्यापासून तिथंच आहे. आता वरदचा हकीमही निघाला. धर्माबादेत आमच्या माणसांचा बाजार भरलाय आणि इथं लातुरात खुर्च्या रिकाम्या.

मी काहीतरी करणार. असं कसं बुडू देईन?

१९ जानेवारी, रविवार

क्लासमधली चार पोरं आज घरी बोलावली होती. केमिस्ट्री सोडून सर काहीतरी शिकवणार म्हणून आली. मी मुलुखाची सगळी हकीकत सांगितली, नकाशा दाखवला, आवाज लावून वेशीवरचा पहारेकरी करून दाखवला. सगळं ऐकल्यावर त्यांतली एक पोरगी म्हणाली, "सर, याला वेटेज किती आहे?"

मी म्हणालो, "शून्य."

चौघंही माना हलवत उठली. लातूरची पोरं! यांना देव भेटला तरी विचारतील, परीक्षेला येणार का.

२६ जानेवारी, रविवार

व्हिडिओवर खेळून पाहिलं. वरद गोंदियाहून, मनस्विनी दवाखान्यातून, वैजनाथ रेणापुरातल्या त्याच्या बियाण्याच्या दुकानातून. वैजनाथच्या दुकानावर पत्रा आहे, त्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता. मी वर्णन करतोय की दरवाजा हळूच उघडतो, आणि तिकडून कोणीतरी ओरडतं, "तुरीचं औषध हाय का?" वरद मध्येच दिसेनासा झाला. नंतर त्याचा मेसेज आला, 'सॉरी, पाहुणे आलेत.' गोंदियात जाऊन दोन आठवडे नाही झाले आणि पाहुणे येऊन राहिले!

मनस्विनी शेवटी म्हणाली, "उद्धव, खरं सांगू? नेटवर्कचा दोष नाही. गेल्या वर्षापासून मला माहीतच असतं पुढं काय होणार ते."

मला हे फार लागलं. इतक्या वर्षांत मी एकही प्रसंग दुसऱ्यांदा वापरलेला नाही. बाई रोज त्याच त्या दाढा उपटते आणि नवेपणा मला शिकवते.

२ फेब्रुवारी, रविवार

कोणी आलं नाही. वैजनाथकडं हुरड्याला पाहुणे. मनस्विनीने कारणही सांगितलं नाही.

दिवसभर येरझाऱ्या घातल्या. शिल्पा म्हणाली, "फरशी झिजेल." मग बसून नियम लिहायला घेतले. मी उद्या नसलो तर हा खेळ कुणाला खेळता आला पाहिजे ना? सगळं माझ्या डोक्यात आहे, तीच चूक झाली. पुस्तक काढायचं. जुन्या लोकांची मतंही घ्यायची. शनिवारी क्लासला सुट्टी घेऊन नांदेडला विशाखाकडं जातो. ती देवी छान खेळायची.

८ फेब्रुवारी, शनिवार

नांदेडहून आत्ताच आलो. डोकं फिरलंय. सगळं सविस्तर लिहितो, नाहीतर रात्रभर शिल्पाचं डोकं खाईन.

सकाळची बस. अहमदपूरला चहा घेतला, बेकार होता. विशाखा तरोडा नाक्याजवळ राहते, शाळेत शिकवते. दार उघडून म्हणाली, "दादा, या या, बरोबर वेळेला आलात!" आत बघतो तर सतरंजीवर पाच बाया गोल करून बसलेल्या. मध्ये चिंचोके.

मला वाटलं भिशी असेल. एक बाई, शिवांगी नाव, विशाखाच्या शाळेतच गणित शिकवते, ती म्हणाली, "मी नदीत उडी मारते." विशाखा म्हणाली, "पूर आहे. विचार कर." शिवांगीने एका बाजूने घासून पांढरे केलेले चिंचोके ओंजळीत खळखळवून सतरंजीवर टाकले. सगळ्याच्या सगळ्या काळ्या बाजू वर.

हा मुलूख होता! माझी नदी, माझा पूर. वीस बाजूंच्या फाशाऐवजी चिंचोके!

मी म्हणालो, "आता एखादा ओंडका वाहत येतो, ती त्याला धरते..." तोंडातून निघूनच गेलं. सवय आहे.

विशाखाने हात वर केला. "दादा, थांबा." मग शिवांगीकडं बघून शांतपणे म्हणाली, "तुझी राधी गेली."

शेजारची तेलुगू बोलणारी बाई 'अय्यो' म्हणाली. शिवांगीच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं हो! चांगली शिकलेली बाई, एका खोट्या माणसासाठी! नंतर सगळ्यांनी मिळून राधीला माती दिली, म्हणजे गोष्टीतच. प्रत्येकीने तिची एकेक आठवण सांगितली. अर्धा तास चाललं होतं. मला बसवेना.

बाया गेल्यावर मी विशाखाला झापलं. "हे काय लावलंय? मुलुखात कुणी मरत नाही. नियम आहे."

"तुमच्याकडं आहे, दादा. म्हणून तर मी सोडलं."

"तू लग्न झालं म्हणून सोडलंस."

"नांदेडहून लातूर काय दिल्ली आहे का?" ती हसली. "मी सोडलं तेव्हा देवीला विष दिलं होतं, आठवतं? तुम्ही ऐन वेळेला एक वैद्य काढला. त्याच्या आधी एकदा साधू काढला होता. त्या वेळेला मला वाटलं, आता मी काहीही केलं तरी तेच होणार. मग कामून यायचं?"

वर सांगते, तिच्या धाकट्या जावेनेही दुसरीकडं एक डाव मांडलाय. तिकडं भूतंही आहेत म्हणे. माझ्या मुलुखात भूतं नाहीत!

आणि खरी गोष्ट पुढं आहे. मी विचारलं, धर्माबादेतल्या लोकांचं तुम्ही काय करता? ती म्हणाली, "त्यांचीच तर गोष्ट खेळतो आम्ही. सुरुवातीला तीच माणसं होती ना. दगडोबा मात्र साथीत गेला, चार वर्षं झाली."

दगडोबा! अनयचा दगडोबा! ना मला विचारलं, ना अनयला. जेवायला वाढलं होतं, मी दोन घास खाऊन उठलो. विशाखाने बसस्टँडपर्यंत सोडलं.

लग्नामुळंच सोडलं तिने. मला माहीत आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पुस्तकात पहिलं कलम घातलं: 'सूत्रधाराने कोणत्याही पात्राचा मृत्यू होऊ देऊ नये.' खाली रेघ ओढली. दोन रेघा ओढल्या.

शिल्पा वाचून म्हणाली, "मग फासा कशाला टाकायचा?"

काय ते एकेक प्रश्न!

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

अनयला फोन केला. त्याच्या पात्राचं असं झालंय, हे त्याला कळायला पाहिजे होतं. तीनदा लावल्यावर उचलला.

"उद्ध्या! बोल रे, कसा आहेस?"

मी म्हणालो, "अनय, एक वाईट बातमी आहे. विशाखाने दगडोबाला मारलं."

"कोण दगडोबा?" तो घाबरून म्हणाला. "पोलीस केस झाली का?"

मी म्हणालो, "अरे, आपला. मुलुखातला. तुझा."

तो खदाखदा हसला. "अजून खेळून राहिलात का तुम्ही? भारी यार!" पुढं बायकोचा फोन येतोय म्हणाला.

गाडीत असेल, गडबडीत. हैदराबादला गाडी चालवायची म्हणजे डोकं कुठं ठिकाणावर असतं.

आठ वर्षं मी त्याची खुर्ची कोणाला दिली नव्हती. वैजनाथची बॅगसुद्धा ठेवू दिली नाही तिच्यावर. फार वाईट वाटतंय आणि कुणाला सांगावं तर लोक हसतील.

१६ फेब्रुवारी, रविवार

वैजनाथ आला, मनस्विनी आली. दोघांनाही घाई होती.

वैजनाथ माझ्या पहिल्या बॅचचा विद्यार्थी, तेव्हापासून खेळतोय. रेणापूरहून मोटारसायकलवर येतो. त्याचं पात्र शिवप्पा अण्णा, आमच्या मुलुखातला सगळ्यांत जुना माणूस. मिशाळ, तिरसट, भाकरीसाठी किल्लेदाराशी भांडलेला.

आज अण्णा किल्ल्याच्या तुटक्या बुरुजावर चढत होता. वर अडकलेल्या पोरीला उतरवायला. मी म्हणालो, "दगड हलतो. फासा टाक."

वैजनाथने फासा टाकला. फासा टेबलावर गरगर फिरत होता आणि तो थांबायच्या आत याने खिशातून मोबाईल काढला. मेसेज बघायला लागला.

आकडा आला एक. सतरा वर्षांत वैजनाथला एक कधी आला नव्हता. त्याने वर बघितलंसुद्धा नाही. "हं, सर, काय मग? झाडाची फांदी का?"

फांदीच सांगणार होतो मी. तोंडात होती. पण इतका संताप आला मला! म्हणजे ह्याला ठाऊक आहे. आकडा बघायचीसुद्धा गरज नाही ह्याला. मी इतक्या वर्षांत ज्याला ज्याला वाचवलं, त्याने असंच मोबाईलमध्ये डोकं घालून वाचवून घेतलं का?

मी म्हणालो, "फांदी नाही. अण्णा पडला. मेला."

वैजनाथने मोबाईल खाली ठेवला.

"सर, खरंच?"

"हाव."

"आसं कसं? शिवप्पा हाय तो!" त्याचा आवाज फाटला. "पहिल्या दिवसापासूनचा मानूस हाय माझा. तुम्ही आसं कसं करून राहिले सर?" तो उठला, चपला घातल्या, चहा तसाच सोडून गेला. खालून त्याची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

मनस्विनी मात्र जागची हलली नाही. म्हणाली, "पोरीचं काय झालं? ती अजून वर आहे ना?"

मी म्हणालो, मला माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

वैजनाथ फोन उचलत नाही. संपलं. बाकीचे आपापल्या कारणाने गेले, ह्याला मी हाताने घालवलं. डोकं तापलं की मी असाच वाटोळं करतो. क्लासमध्ये आज पोरांना बेन्झीन शिकवताना दोनदा चुकलो.

ठरवलं. रेणापूरला जायचं, माफी मागायची आणि अण्णाला जिवंत करायचं. बुरुजाखाली गवताची गंज होती म्हणून सांगतो. गवत असतंच किल्ल्यात.

२० फेब्रुवारी, गुरुवार

अशी गोष्ट जन्मात बघितली नाही.

दुपारी रेणापुरात पोचलो. वैजनाथच्या दुकानापुढं माणसं बसलेली, टोप्या काढून. आई तर गेली नाही ना त्याची?

एकाने सरकून जागा दिली. हळूच म्हणाला, "उशीर केला तुम्ही. माती झाली वाटतं."

"कोण गेलं?"

"शिवप्पा अण्णा. ह्यांच्या निलंग्याकडचे कोनतरी."

मी वैजनाथकडं बघितलं. तो काउंटरच्या मागं, दाढी वाढलेली, मान खाली. नंतर त्याने सगळं सांगितलं. रविवारी घरी जाऊन त्याने रागात स्टेटस ठेवलं: 'शिवप्पा अण्णा यांना भावपूर्ण श्रद्धांजली. मुलूख पोरका झाला.' वर वरदने काढलेलं अण्णाचं जुनं चित्र, खाली दोन समया. गावाने बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून लोक भेटायला यायला लागले. शेजारणीने पिठलं-भाकरी पाठवली, दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून. त्याच्या आईने आधी रडून घेतलं आणि मग विचारलं, "कोन रं गेलं?"

"मग तू सांगितलं का नाहीस, खेळातला माणूस आहे म्हणून?" मी कुजबुजलो.

"कसं सांगू सर? मानसं विचारायली, कसा होता मानूस. मी सांगत गेलो. पुरातून म्हसरं काढली ते सांगितलं. किल्लेदारासंगं भांडला ते सांगितलं. लोक उठंनात. कालपासून तेच लोक पुन्हा यायलेत."

मी आलो होतो त्या कामाला लागलो. "हे बघ, माझं चुकलं. आपण अण्णाला जिवंत करू. खाली गवताची गंज होती. रविवारी ये, मी..."

वैजनाथने माझा हात धरला. "न्हाई सर." डोळे भरले होते त्याचे. "मेलेलं मानूस उठवू नका. मी रडलोय त्याच्यासाठी. माझी आई रडली. आता वाचला म्हनून सांगितलं तर लोक तोंडात शेण घालतील माझ्या. आन् मलाबी नको."

मागं चन्नबसप्पा नावाचे एक म्हातारे बसले होते, त्यांच्या कानावर हे सगळं गेलं. मला वाटलं आता दोघांनाही जोडे पडणार. वैजनाथने हात जोडले आणि एका दमात सगळं कबूल केलं. खेळ, फासा, बुरुज, मी.

कोणीतरी शिवी हासडली. दोघं टोप्या घालून तरातरा निघून गेले. चन्नबसप्पांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "खोटा आसंल. पर मानूस चांगला होता."

आणि माझ्याकडं वळून: "मास्तर, त्या पोरीला उतरवलं का कुनी?"

मी म्हणालो, "अजून नाही."

"मंग? येवढा मानूस तिच्यापायी गेला आन् ती वरच? कवा बसता तुम्ही?"

२३ फेब्रुवारी, रविवार

खुर्च्या पुरल्या नाहीत. चन्नबसप्पा, वैजनाथचा मेहुणा आणि शेजारचं एक जोडपं, वैजनाथच्या मागोमाग जीपमधून उतरले. मनस्विनी सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. अनयच्या खुर्चीवर चन्नबसप्पा बसले, मी काही बोललो नाही. वैजनाथने नवीन पात्र केलं, अण्णाचा पुतण्या, अगदीच लेचापेचा.

शिल्पा चहा घेऊन वर आली आणि ट्रे ठेवून तिथंच उभी राहिली. चन्नबसप्पा म्हणाले, "बाई, टेका की." ती म्हणाली, "एक डाव बसते. बघू तरी." मी तिला गावची सुईण दिली. वाटलं, सुईणीला काय धोका असणार.

ती सरळ बुरुजाच्या पायऱ्यांना लागली. मी दोनदा म्हणालो, शिल्पा, तिथं दगड हलतात. तिसऱ्यांदा म्हणालो, तुला चढायची गरज नाही, वैजनाथ आहे ना. "तो पुतण्या घाबरट आहे," ती म्हणाली. "पोर रडून राहिलीय वर. मी जाते." तिने पोरीपर्यंत हात पोचवला, पोर खाली वैजनाथच्या खांद्यावर दिली, आणि उतरताना फासा टाकला.

दोन आले.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. कोणाच्या हातात मोबाईल नव्हता. बायको आहे माझी. पहिल्यांदाच बसली आहे. कितीतरी फांद्या आठवल्या, गवत आठवलं, ओंडका आठवला.

"बोला की," शिल्पा म्हणाली.

मी बोललो.

चन्नबसप्पांनी टोपी काढली. मग शिल्पाने पदराने डोळे टिपले आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "हे असं असतं होय? मग इतकी वर्षं तुम्ही लोक इथं बसून काय करत होता?"